दोनशे बारांचं वजन

"छाट ते वजन," पाहणीचा तक्ता बघत ओडवार म्हणाला. "एक म्हातारी दोनशे बारा माणसांच्या वतीनं बोलणार? काहीतरीच!"

"बाकीच्यांनी फॉर्मच पाठवले नाहीत, त्याला ती काय करणार?" तोरुननं मान वर केली नाही. "बेटांवर पंच्याऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी दोनशे बारा माणसं आहेत. उत्तर एकीचंच आलंय. म्हणून तिच्या एका उत्तराचं वजन दोनशे बारा, ते दोनशे बारा मतांइतकं मोजायचं."

"पन्नासवर आण. इतकं कुणी ठेवत नाही."

"मी ठेवते."

बेटांवरच्या म्हाताऱ्यांकडे रोज सकाळी जाणारी नर्स ठेवायची की बंद करायची, हे नगरपालिका या पाहणीवरून ठरवणार होती. तरुणांनी हौसेनं फॉर्म भरले होते, ज्यांचा प्रश्न होता त्यांनी नाही. कार्यालयाचा दंडक कडक होता. आधी वजनं ठरवून सह्या करायच्या, मगच उत्तरं उघडायची. नंतर एक आकडाही हलवता येत नसे.

ती एकटी म्हातारी कोण, हे तोरुनला पक्कं ठाऊक होतं. आपल्या आईला फॉर्म भरायला तिनंच फोनवरून भरीस पाडलं होतं. तीन नाताळ झाले, तोरुनला आईकडे बेटावर जायला जमलं नव्हतं. कधी बोट रद्द, कधी काम. मनाला फार टोचायचं. निदान नर्स तरी टिकवू, असं तिनं ठरवलं होतं. नर्स आईच्या पायांत घट्ट मोजे चढवायची, डोळ्यांत औषध घालायची, घोटभर कॉफी घ्यायला बसायची. दिवसभरात आईशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

"काही लपवू नकोस हं, आई," तिनं बजावलं होतं.

"फॉर्म तुझ्याच ऑफिसात येणार ना गं? तुझ्याबरोबरचे लोक वाचणार?"

"हो, सगळे वाचणार."

"मग नीट विचार करून लिहिते. तू नको काळजी करूस."

ओडवारनं कुरकुरत सही केली. तोरुननंही केली, आणि उत्तरं उघडली.

"बंद," ओडवार म्हणाला. "एकशे बावीस मतांनी. तिला सोडून बाकी सगळे गट धरले तर नव्वद मतांच्या फरकानं नर्स राहत होती. तुझ्या म्हातारीनं पारडं फिरवलं, बाई. पन्नास ठेवलं असतंस तर वाचली असती नर्स."

"चुकून दुसऱ्याच चौकटीत खूण केली असेल तिनं."

"छे! खाली लिहिलंयसुद्धा," म्हणून त्यानं मोठ्यानं वाचलं. "'नर्स नको. माझी मुलगी रोज येते.'"