बदली खेळाडूचा ठराव

अमरनाथ लंगडत होता आणि मैदानाबाहेर मतदान चालू होतं.

"अमरनाथला बाहेर घ्यायचं, त्याच्या जागी शिवमला सोडायचं. ज्यांना मंजूर हाय त्यांनी हात वर करा," अध्यक्ष धम्मानंद म्हणाले.

"थांबा," हणमंतराव टोपी सावरत उठले. प्रत्येक बैठकीत विरोध करायचा, हा त्यांचा धर्म होता. "आधी कारण सांगा."

"पाय मुरगळलाय त्याचा!" कोच ज्योत्स्ना ओरडली.

"कोणता?"

समोरच्या रेणापूर संघातल्या पोरांना कोणता पाय हे विचारायची गरज पडली नाही. त्यांनी चेंडू सरळ अमरनाथच्या बाजूनं नेला. तो वळेपर्यंत गोल झाला, आणि इकडं हात मोजून व्हायचे होते. लगेच शेवटची शिट्टी झाली. बरोबरीत चाललेला सामना गेला. ठराव मात्र बहुमतानं मंजूर झाला.

ज्योत्स्नाचं डोकं फिरलं. "घाला आता त्या ठरावाचं लोणचं!" गळ्यातली शिट्टी काढून तिनं धम्मानंदांच्या हातात कोंबली. "बास झालं. तुम्ही आणि तुमचे हात. मी निघाले."

तिचा त्रागा काही आजचा नव्हता. मुदखेडचा जुना जंक्शन फुटबॉल क्लब दोन वर्षांपूर्वी एका खताच्या कंपनीनं विकत घेतला. कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. ज्योत्स्ना पोरांना घेऊन सकाळी सरावाला आली, तर फाटकाला नवं कुलूप. क्लब नांदेडला गेला. सिग्नलचा लाल-हिरवा रंग जाऊन जर्सीवर खताचं पोतं आलं. चिडलेल्या प्रेक्षकांनी मग वर्गणी काढून स्वतःचा क्लब उभा केला आणि पहिलाच नियम केला, सभासदांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

नियम चांगला होता. पण चांगला नियम आणि रिकामी माणसं एकत्र आली की देवच वाली. जर्सीच्या बाह्या लांब की आखूड, यावर बैठकांवर बैठका झाल्या. मध्यंतरात पोरांना लिंबू द्यायचं की संत्रं, यावरून चहावाल्या पार्वतीबाईंनी सभात्याग केला, आणि त्या दिवशी कुणाला चहाही मिळाला नाही. अख्ख्या तालुक्यात परवाना असलेली कोच म्हणजे शाळेत खेळ शिकवणारी ही एकटी ज्योत्स्ना. तसा कोच नसेल तर लीगमधून संघ बाद. ती गेली की क्लब संपला, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी विचारायचं काय, तर कोणता पाय!

रस्त्यावर पांढरी गाडी उभी होती. कंपनीच्या क्लबचा मॅनेजर बरेच दिवस तिच्या मागं लागला होता. त्यानं आतूनच दार उघडलं.

"या मॅडम. आमच्याकडे हा तमाशा नाही. एक माणूस ठरवतो, बाकीचे कामाला लागतात."

ऐकूनच तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. ती आत बसली आणि तिनं एसीचं गार वारं तोंडावर घेतलं.

"कधीपासून येऊ?"

"उद्यापासून. फक्त जूनमध्ये लातूरला यावं लागेल. क्लब तिकडे हलवतोय."

"लातूरला? नांदेडच्या पोरांना सांगितलं?"

"कळेल की. फाटक बंद दिसलं की कळतंच."

"आणि मला लातूर जमतंय का, ते कुणी विचारायचं?"

मॅनेजरला खरोखरच नवल वाटलं. माणूस वाईट नव्हता. "त्यात विचारायचं काय, मॅडम?"

ज्योत्स्नाला ते कुलूप आठवलं, आणि त्याच्यासमोर बूट हातात घेऊन उभी राहिलेली पोरं आठवली.

"माझी पिशवी राहिली," म्हणत ती खाली उतरली. पिशवी तिच्या खांद्यालाच होती.

मैदानाच्या कडेला सगळे सतरंजीवर बसले होते. अमरनाथचा पाय बादलीतल्या पाण्यात होता. आणि सगळ्यांचे हात वर होते. हणमंतरावांचासुद्धा.

"आता कशावर?" ती खेकसली.

धम्मानंद शिट्टी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. "मॅडम, ठराव केलाय. इथून पुढं मॅच चालू असताना तुम्ही म्हणाल तसं. कुणाला इचारायचं न्हाई, कुणी मधी बोलायचं न्हाई. एकमतानं मंजूर हाय. क्लब निघाल्यापासून पयल्यांदाच."

"मी बी हात वर केलाय, बरं का," हणमंतराव म्हणाले. "लई जड गेलं."

दोन वर्षं ती याचसाठी घसा फोडत होती. मागं रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. ज्योत्स्नानं धम्मानंदांच्या हातातून शिट्टी घेतली आणि गळ्यात घातली. पिशवी खाली ठेवली. पार्वतीबाईंना जरा सरकायला लावलं आणि ती सतरंजीवर मांडी घालून बसली.

"माझा विरोध हाय," ती म्हणाली.

हणमंतरावांनी वर केलेला हात कपाळावर मारून घेतला. "अवो मॅडम, तुमच्यासाठीच तर केलाय ना ठराव!"

"मग मला विचारलं का?"