वर्षाच्या आत

अप्पांचा तेरावा झाला आणि काका माझ्यासाठी गुलबर्ग्याचं स्थळ घेऊन बसवकल्याणला आले. त्याच आठवड्यात मला बक्षीस मिळाल्याचं कळलं होतं. मी काढलेला काळविटाचा फोटो अप्पांनी जाण्यापूर्वी, मला न सांगता, स्पर्धेला पाठवला होता. दक्षिण ध्रुवाकडच्या बेटांवर पेंग्विनचे फोटो काढायला जाणाऱ्या जहाजात मला जागा मिळाली होती. जहाज डिसेंबरात सुटणार होतं. काकांनी काढलेला मुहूर्तही डिसेंबरातलाच.

“बाप गेला की लेकीचं लग्न वर्षाच्या आत उरकावं लागतंय,” काका म्हणाले. “न्हाई तर पुढं तीन वर्षं करता येत न्हाई. अन् ही बर्फात पाखरं बघायला निघालीय.”

“मी जाणार आहे, काका.”

“वहिनी, तुम्ही कामून गप बसलाव? शास्त्र सांगा की हिला.”

आई अप्पांच्या लोकरी कोटाच्या बाह्या माझ्या मापाच्या करत होती. तिनं मान वर केली नाही.

“शास्त्र कामून मोडायचं, भावजी? तीन वर्षं थांबू.”

“मुलगा थांबायचा न्हाई.”

आईनं दातानं दोरा तोडला.

“तीन वर्षं ज्याला थांबवत न्हाई, त्याच्याजवळ हिनं जन्म कसा काढावा?”