विड्यातला चुना

जावा बेटावरच्या आमच्या सांगिरान गावच्या कड्यांतून दर पावसात दगड झालेली हाडं निघतात. राक्षसांची हाडं म्हणतो आम्ही त्यांना. यंदा माझ्या नवऱ्याला, पारतोला, दातांसकट एक लहानसा जबडा सापडला. तो त्याने माझ्या लग्नातल्या बाटिकच्या कापडात गुंडाळून उशाशी ठेवला.

“बाईचा आहे,” तो म्हणाला. “दात बघ, वागियेम, कसे एका ओळीत!”

“मग तिलाच नांदवा. भातही तिच्याच हातचा जेवा!”

तो नुसता हसला.

लग्नात नवरीने नवऱ्याच्या अंगावर विडा फेकायचा, ही आमची रीत. तेव्हापासून त्याचा विडा मीच बांधते. त्या दुपारी मात्र मी रागारागाने त्यात चुना थापला. भाजू दे मेल्याची जीभ!

त्याने माझ्यासमोर विडा तोंडात टाकला आणि सावकाश चघळून संपवला. डोळ्यांत पाणी आलं नाही. ओठसुद्धा लाल झाले नाहीत.

मी उठले आणि उशाजवळचं कापड सोडलं. दगडाचे ते दात लालभडक झाले होते, आणि ओले होते.

मागून पारतो हळूच म्हणाला, “उद्यापासून चुना बेताने लाव. तिची जीभ भाजली.”