सहावी पिशवी

"सगळी माती एकत्र कालवून एकच पिशवी आणायची होती, आजोबा," माती तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. टेबलावर सहा पिशव्या होत्या.

"माहीत आहे. पण एका जागेची माती बाकीच्यांत मिसळवेना."

म्हातारबुवांची मुलगी बाहेर पायरीवर बसली होती. खारवलेली जमीन सोडून वडिलांनी शहरात आपल्याकडे यावं म्हणून तिने वर्षभर त्यांच्या नाकी नऊ आणले होते. शेवटी ठरलं होतं, आज आकडा वाईट आला की जमीन सोडायची.

बाईंनी कुरकुरत का होईना, सहा बाटल्यांत माती घातली, वर शुद्ध पाणी ओतलं. यंत्र बाटल्यांना झोके देऊ लागलं. दुपार सुस्त होती. डोळा लागता लागता बाईंना वाटलं, सहा शेतं पाळण्यात झुलताहेत. मग यंत्र थांबलं आणि गढूळ पाणी सावकाश निवळत गेलं.

मीटरवर खारेपणाचा पहिला आकडा चार. दोनच्या पुढे पीक जेमतेम तग धरतं. पुढचे चारही तसेच, कोणी कोणाला हार जाईना. सहावा आला अर्धा. बाईंनी मीटरची कांडी धुऊन पुन्हा बुडवली. अर्धाच.

"ही माती कुठली?"

"बांधाजवळची. बाहेर मुलगी बसलीय ना, तिची आई तिथे बसायची. सकाळी घागरीतलं शिळं पाणी तिथेच ओतायची, वाया घालवायचं तिच्या जिवावर यायचं. ती गेल्यावर मी ओततो."

"किती वर्षं?"

"तिची एकोणीस, माझी तीन."

"पाणी साचतं तिथे?"

"छे. ओतलं की गुडुप."

बाईंची झोप पार उडाली. "म्हणजे तुमच्या जमिनीतलं मीठ धुऊन खाली जातं, आजोबा. वेळ लागेल, पण जातं."

म्हातारबुवा सहाव्या बाटलीकडे बघत राहिले. "पण कागदावर एकच आकडा लागतो ना? कालवू का आता सगळी?"

"हात लावू नका," बाई म्हणाल्या, आणि एका रकान्यात सहा आकडे दाटीवाटीने बसवले.

कागद घेऊन ते बाहेर आले.

"काय निघालं?" मुलीने विचारलं.

"पाच खारट. आईची गोड."

मुलगी आपल्या पिण्याच्या बाटलीतलं उरलेलं पाणी पायरीशी ओतायला वाकली होती. तिने बाटली सरळ केली आणि झाकण घट्ट लावलं.