विचारपूस

आपण गेलो आहोत, अशी दुपारी आप्पांची खात्रीच पटली. "मला नक्की काय झालंय रे?" असं त्यांनी विचारलं, तर मुलगा चकार शब्द न काढता उशी सारखी करून निघून गेला. शेजारीण आली, ती पलंगाशी उभी राहून सुनेला म्हणाली, "फार सोसलं हो त्यांनी." सुनेने डोळे पुसले. आप्पांनी दोघींना हाक मारली, पण त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

संध्याकाळी एक अनोळखी बाई आली, थेट उशाशी बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला.

"न्यायला आलात?"

"नाही आप्पा, मी नर्स. तुमचं दुखणं कमी करायला आलेय. काय विचारायचं ते विचारा, मी काही लपवणार नाही."

आप्पांनी तिचा हात घट्ट धरला.

"मग आधी एवढंच सांगा, मी अजून जिवंत आहे ना?"