नव्वदचा पाढा

तीनशे साठ रुपयांचा फ्लॉवर आईने पुन्हा जागेवर ठेवला. पाटीवर इथल्या चलनात नुसते चार लिहिले होते. बाकीचं काम आईच्या डोक्यातल्या नव्वदच्या पाढ्याने केलं होतं.

मुलीने बटाटे घेतले. लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी आलेल्या आईला आठ महिन्यांत इथली एकच गोष्ट चटकन जमली होती, ती म्हणजे गुणाकार. न्हाव्याकडून आलेला जावई तिच्या लेखी अडीच हजारांचं डोकं घेऊन घरात वावरायचा. बाहेर चहा तिने कधी घेतलाच नाही. दोनशे सत्तरचा चहा घशाखाली उतरत नाही, म्हणायची.

मुलीची रजा संपत आली होती. बाळाजवळ आई राहिली तरच नोकरी टिकणार होती. पण आईने शनिवारच्या तिकिटाचा हट्ट धरला होता.

"जावयाच्या जिवावर किती दिवस बसून खाऊ? माझा एक दिवस तुम्हाला दोन हजारांना पडतो," ती म्हणाली. तीस वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून तिने मुलीला शिकवलं होतं. तिच्यापुढे कोणाचं काय चालणार? मुलगी रडली, जावयाने समजावलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवारी मुलगी बाळाला लस टोचून घेऊन परतली, तेव्हा आई टेबलाशी बसली होती. पुढ्यात एक नोट आणि एक नाणं होतं. आईला बाळाची झबली शिवताना पाहिलेली शेजारची म्हातारी आपला लांब झालेला कोट घेऊन आली होती. भाषा कोणालाच कोणाची कळेना. आईने साबणाच्या तुकड्याने खूण केली आणि हातानेच कोट बेताचा करून दिला. पैसे नको म्हटलं, तर म्हातारीने ते मुठीत कोंबले.

मुलगी हरखली. आईला तिच्याच हिशेबात सांगावं म्हणून म्हणाली, "आई, हजार ऐंशी रुपये कमावलेस की."

आईने नोट हातावर नीट केली. सोमवारी म्हातारी आणखी दोन कोट आणणार आहे, कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलंय तिने, काळा दोरा आणून ठेवायला हवा, असं ती सांगत राहिली. मुलीला शनिवारचं विचारायचं होतं, पण धीर होईना.

"आणि हजार-बिजार काही नाहीत गं," आई म्हणाली. "बारा आहेत."