मिठात धुतलेला पालक

बेडकाच्या गळ्याखालची कातडी सेकंदाला दोनदा हलत होती. शर्वाणीने भिंग जवळ नेलं. बुरशीचा एकही डाग नव्हता, आणि त्याला पाय फुटून आज एकेचाळिसावा दिवस होता.

बुरशीने जगातले बेडूक संपवले, त्याला नऊ वर्षं झाली होती. त्यांची पाण्यातली शेपटीवाली पिल्लं, बेडूकमासे, तेवढी तिच्यातून वाचत. पाण्यात आयोडीन नसलं की त्यांना पाय फुटत नाहीत, म्हणून शर्वाणीने परसातल्या तळ्यात तीनशे बेडूकमासे तसेच जपले होते. बुरशीच्या धास्तीने त्यांना मोठं करायचं ती दर वर्षी पुढे ढकलत होती.

हा त्यांच्यातलाच एक, आजारी म्हणून बादलीत वेगळा ठेवलेला. त्याच्या खाण्याचा पालक सासूबाईंनी सवयीने मिठाच्या पाण्यात धुतला. मीठ आयोडीनचं होतं.

"मग काय मातीसकट घालायचा होता?" त्या आजही म्हणाल्या.

"आई, हा महिनाभर परसातच उड्या मारतोय. मातीत बुरशी असती तर आठवड्यात मेला असता." शर्वाणी म्हणाली.

"मग बाकीच्यांना म्हातारपणीही बाळंच ठेवणार आहेस का?"

शर्वाणीने भिंग खाली ठेवलं.

"नाही. आज सगळ्या तळ्यात आयोडीन घालू."